थांबायचे कोणी?

पाचाडला रेल्वे नाही. रायगडाच्या पायथ्याच्या या गावात राजमाता जिजाऊंच्या वाड्याचे अवशेष आहेत, त्यांची समाधी आहे, गडावर जाणाऱ्या-येणाऱ्यांची वर्दळ आहे. परंतु आगगाडीची शिट्टी येथवर पोहोचत नाही. पाचाडच्या माणसाला मुंबई गाठायची असेल तर डोंगरातल्या वळणांनी उतरून, नाते गावावरून, सुमारे २५ किलोमीटरवरच्या महाडास यावे लागते. महाड शहरातही रेल्वे नाही. तेथून महामार्गाने उत्तरेकडे निघून दासगाव मागे टाकले की वीर नावाचे गाव येते. पाचाड, महाड आणि त्यापलीकडे सह्याद्रीला टेकलेले पोलादपूर, या मुलखातल्या पुष्कळ लोकांचे रेल्वे स्थानक ते हेच.

वीरचे स्थानक साधे आहे. त्याच्याविषयी मुद्दाम लिहावे असे वरवर पाहता त्यात काही नाही. तरीही गेली अनेक वर्षे एक प्रश्न माझी पाठ सोडत नाही, आणि तो मला प्रथम या स्थानकात भेटला. प्रश्न रेल्वेचा नाही, नीतीचा आहे. जगाच्या वाटेवर कोणाला तरी थांबावेच लागते, हे खरे. पण ते कोणी थांबायचे? आणि कोणी थांबायचे हे ठरवायचे कोणी?

१९९९ च्या जानेवारीतली गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील युवकांची सहल घेऊन आम्ही तिघे-चौघे वडीलधारे रायगडावर गेलो होतो. गड पाहून झाला, पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी मुले क्षणभर गप्प उभी राहिली आणि दुपार कलल्यावर आम्ही वीरला येऊन मुंबईकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसलो. गाडी वेळेवर आली, पण सुटेना. दहा मिनिटे झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. मुलांची चुळबुळ सुरू झाली. कोणी खाली उतरून सिग्नलकडे पाहून आले. कोणी रेल्वेच्या नावाने बोटे मोडली. आमच्या समोरच्या बाकावर एक वृद्ध बाई बसली होती. पायाशी पोह्यांचे आणि कुळथाचे गाठोडे. मुंबईला मुलाकडे निघाली होती. मुलांचा त्रागा ती बराच वेळ ऐकत होती. शेवटी समजूत घालावी तशा सुरात ती म्हणाली, "अरे पोरांनो, ही आपली गाडी हाय. हिनं थांबायचं असतं."

ती हे म्हणते न म्हणते तोच शेजारच्या रुळावरून एक एक्स्प्रेस धडधडत निघून गेली. बंद खिडक्यांचे डबे क्षणभर डोळ्यांपुढून सरकले. त्या डब्यांतील कोणाला वीर नावाचे स्थानक मागे पडल्याचे कळलेही नसेल. मग आमची गाडी हलली. मुले हसली, मीही हसलो. पण बाईचे ते वाक्य मनात रुतून राहिले. "थांबावं लागतं" असे ती म्हणाली असती तर त्यात कुरकुर असती. "थांबते" म्हणाली असती तर ते केवळ सांगणे झाले असते. ती म्हणाली, "थांबायचं असतं." पाऊस ज्येष्ठात यायचा असतो, तसे. जणू हा सृष्टीचाच नियम.

पुढे या स्थानकाचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की हे वाक्य त्या एका बाईचे नव्हते. ते साऱ्या कोकणाला शिकवले गेलेले वाक्य होते.

स्थानकाचे वय दोन प्रकारांनी मोजता येते: ते उभे राहिले त्या दिवसापासून, किंवा लोक त्याची वाट पाहू लागले त्या दिवसापासून. पहिल्या हिशेबाने वीर अगदीच तरुण ठरते. दुसऱ्या हिशेबाने ते फार जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी धावली. दहा वर्षांत, १८६३ साली, बोरघाट फोडून रूळ दख्खनच्या पठाराला भिडले. सह्याद्री चढून जाणारी गाडी सह्याद्रीच्या पायथ्याने दक्षिणेकडे मात्र वळली नाही. महाडकडच्या लोकांचे स्थानक होते सावित्री नदीच्या खाडीतले दासगाव बंदर. मुंबईहून येणारा माणूस जलमार्गाने दासगावला उतरे आणि पुढे पायी किंवा बैलगाडीने गावाची वाट धरी. रेल्वेसाठी पाहण्या झाल्या. १९५० च्या दशकात दासगाव ते मंगळूर या पट्ट्याची हवाई पाहणीही झाली. गाडी मात्र आली नाही. १९६० च्या दशकात दिव्याहून पनवेल आणि तेथून आपट्यापर्यंत रूळ पोहोचले. रोह्याला ते यायला १९८६ साल उजाडले.

या काळात काही माणसांनी या मार्गाचा ध्यास घेतला होता. अ. ब. वालावलकरांनी त्यासाठी उभे आयुष्य वेचले. राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांनी संसदेत कोकणाचे गाऱ्हाणे मांडले; १९७१ साली ते गेले. दोघांनाही कोकणातून धावणारी गाडी पाहायला मिळाली नाही. नाथ पै यांच्यामागून राजापूरचे प्रतिनिधित्व करणारे मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. १९८९ च्या डिसेंबरात आलेल्या सरकारात ते अर्थमंत्री होते आणि रेल्वे खाते मंगळूरच्या एका कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे होते. कोकणाचे दोन सुपुत्र एकाच वेळी या दोन जागांवर बसले तेव्हा कुठे गाठ सुटली. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. केंद्र शासनाबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ या राज्यांनी भांडवल घातले, रोखे काढून आणखी पैसा उभारला आणि ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले.

१९९३ च्या जूनमध्ये रोहा ते वीर हा टप्पा वाहतुकीस खुला झाला. १९९५ साली रूळ पुढे खेडला पोहोचले. मधली सुमारे दोन वर्षे वीर हे या बाजूने मार्गाचे शेवटचे टोक होते. गाडी येथे येऊन थांबे, आणि खाली उतरणारा चाकरमानी पुढच्या प्रवासासाठी एसटी शोधत असे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. ठाण्याची गाडी आणि वीरची गाडी यांत १४० वर्षांचे अंतर पडले. चार-पाच पिढ्या त्या अंतरात जन्मल्या आणि संपल्या.

या चार-पाच पिढ्यांना लोक काय म्हणत? कोकणी माणूस सोशिक आहे, समाधानी आहे, त्याच्या गरजा थोड्या आहेत. हे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आता ते ऐकताना मनात शंका येते. एखाद्याला दीर्घकाळ ताटकळत ठेवायचे आणि मग त्याच्या ताटकळण्याला सद्गुणाचे नाव द्यायचे, यात ताटकळत ठेवणाऱ्याची फार मोठी सोय असते.

परंतु घाईने निष्कर्षाला जाऊ नये. थांबणे हे सर्वस्वी वाईट आहे काय? एकेरी मार्गावर गाड्या कशा चालतात ते पाहिले की उलटेच वाटू लागते.

एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या धावायच्या, तर दोन स्थानकांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून स्थानकात मुख्य रुळाच्या बाजूला आणखी रूळ टाकलेला असतो. एक गाडी त्यावर उभी राहते आणि दुसरी पुढे जाते. गाडी सोडण्यापूर्वी स्थानकप्रमुखाला पुढच्या स्थानकाकडे लाइन क्लियर मागावा लागतो. "मी गाडी पाठवू का?" अशी ती विचारणा असते. पुढच्याने होकार दिल्यावाचून गाडी सुटत नाही. जुन्या मार्गांवर या होकाराची खूण म्हणून यंत्रातून एक गोळा निघे आणि तो चालकाच्या हाती दिला जाई. गोळा हाती नाही तर गाडी पुढे नाही. राजधानी एक्स्प्रेस असो की कोळशाची मालगाडी, हा नियम सर्वांना सारखा. येथे थांबणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. समोरून कोणी येत आहे, त्याचाही जीव आपल्याइतकाच मोलाचा आहे, हे मान्य करणे म्हणजे थांबणे. या अर्थाने पाहिले तर थांबणे हा सहजीवनाचा पहिला धडा आहे, आणि ज्याला थांबता येत नाही तो माणूस रस्त्यावर, घरात आणि समाजात सारखाच घातक.

याच परिसराने तो धडा रक्त सांडून गिरवला आहे. २००३ च्या २२ जूनला वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडी घसरली. पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. वर्ष पुरे होण्याआधीच, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यातील करंजाडीजवळ रुळावर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेसला अपघात झाला आणि पुन्हा माणसे गेली. करंजाडी म्हणजे वीरच्या दक्षिणेला, अगदी जवळ. त्यानंतर डोंगरउतारांवर जाळ्या बसल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवण्याचे बंधन आले आणि गस्त वाढली. पावसाळी वेळापत्रकात एक्स्प्रेस आणि पॅसेंजर दोघींनाही वेग आवरावा लागतो. येथे आवरणे सर्वांच्या वाट्याला समान येते, आणि म्हणून त्याबद्दल कोणाच्या मनात अढी राहत नाही. आणखी एक माणूस या चित्रात आहे. भर पावसात, रात्रीच्या अंधारात, हाती दिवा घेऊन रुळाच्या कडेने चालत जाणारा गस्तवाला. तो चालतो म्हणून गाडी चालते. वातानुकूलित डब्यात निजलेल्या प्रवाशाला त्याचे नाव ठाऊक नसते. मार्ग बांधताना जे मजूर मेले त्यांचे स्मारक रत्नागिरी स्थानकाबाहेर आहे. जो रोज चालतो त्याचे स्मारक म्हणजे सुखरूप पोहोचलेली गाडी.

तेव्हा प्रश्न थांबण्याचा नाही. मग त्या बाईच्या वाक्यात खुपणारे काय होते? एकेरी मार्गावर कोणीतरी थांबायलाच हवे. पण नेहमी तीच गाडी थांबते. आज पॅसेंजर थांबली, उद्याही पॅसेंजरच थांबेल. एक्स्प्रेस थांबते ती क्वचित, नाइलाजाने, आणि मग तिच्या प्रवाशांना आपल्यावर अन्याय झाला असे वाटते. पॅसेंजरच्या प्रवाशांना तसे वाटतही नाही. थांबणे हा एकाचा अपघात आणि दुसऱ्याची जात झाली, की नियमाचे रूपांतर अन्यायात होते.

जात हा शब्द मी सहज वापरला नाही. वीरपासून काही मैलांवर महाडचे चवदार तळे आहे. सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. त्यानुसार महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केले. कागदावर. तळ्याकाठी तीन वर्षे काहीच बदलले नाही. कायदा झाला आहे ना, आता थोडे थांबा, लोकांची मने हळूहळू वळतील, असे सांगणारे सुजन तेव्हाही पुष्कळ असतील. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. थांबायचे असते, या नियमाला त्या दिवशी ओंजळभर पाण्याने उत्तर मिळाले.

या घटनेचा दुसरा भाग आपण सहसा आठवत नाही, आणि माझ्या प्रश्नासाठी तोच अधिक बोलका आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्याग्रहासाठी पुन्हा हजारो लोक महाडला जमले. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईहून जलमार्गाने दासगावला उतरले होते. परंतु प्रतिपक्षाने न्यायालयाकडून तात्पुरता मनाईहुकूम मिळवला होता. लोक तुरुंगात जायला सिद्ध होते. पुष्कळ विचारविनिमय होऊन, न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत सत्याग्रह तहकूब ठेवावा असे ठरले. म्हणजे ज्यांनी मार्चमध्ये थांबण्यास नकार दिला, त्यांनीच डिसेंबरात थांबणे पत्करले. खटला दहा वर्षे चालला आणि १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तळे सर्वांचे असल्याचा निर्वाळा दिला.

१९२४ ते १९२७ हेही थांबणे आणि १९२७ ते १९३७ हेही थांबणेच. पहिले लादलेले होते, दुसरे स्वीकारलेले. पहिल्यात माणसांना कोणी विचारले नव्हते. दुसऱ्यात माणसे एकत्र बसली, बोलली, भांडली आणि त्यांनी ठरवले. पहिल्या काळात ती गाळात रुतल्यासारखी होती; दुसऱ्या काळात ती न्यायालयात झगडत होती. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसेल. आत मात्र दास्य आणि स्वातंत्र्य यांच्याइतका फरक आहे.

पाचाडची राजमाता याच दुसऱ्या जातीची वाट पाहणारी होती. गडावरची थंड हवा मानवत नाही म्हणून ती पायथ्याशी राहिली, असे सांगतात. ६ जून १६७४ रोजी तिच्या पुत्राचा राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला तिने पाचाडच्या वाड्यात देह ठेवला. आयुष्यभर तिने या दिवसाची वाट पाहिली, असे म्हणताना आपण विसरतो की ती वाट पाहत बसली नव्हती. तिचे वाट पाहणे कामाने भरलेले होते: जहागिरीची व्यवस्था, न्यायनिवाडे, मुलगा मोहिमेवर किंवा कैदेत असताना राज्याचा सांभाळ. वालावलकर आणि नाथ पै यांचेही तसेच. फळ हाती आले नाही तरी असे थांबणे माणसाला लहान करीत नाही.

इथवर लिहिले ते बाहेरच्या जगाविषयी. पण या प्रश्नाचा काटा मला जेथे रुतला ती जागा माझ्या घरात आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. थोरल्या बहिणीची शालान्त परीक्षा नुकतीच झाली होती. तिला माझ्याहून कितीतरी चांगले गुण होते. परिचारिकेचे शिक्षण घ्यावे ही तिची इच्छा घरात सर्वांना माहीत होती. घरात एकाच्याच शिक्षणापुरती ऐपत उरली होती. एकेरी मार्ग होता, म्हणा ना. वडीलधारी मंडळी बसली, आणि ठरले की आधी मुलाचे होऊ दे, मुलगी थोडी थांबेल. ताई एका लहान कारखान्यात कामाला लागली. तिच्या पगारातून माझी फी भरली गेली. मी पदवीधर झालो, नोकरीला लागलो. मग आईचे आजारपण निघाले, मग धाकटीचे लग्न. ताईची गाडी बाजूच्या रुळावर उभीच राहिली. कोणी तिला दिलेला शब्द मोडला नाही, कारण कोणी शब्द दिलाच नव्हता. आमच्या नात्यागोत्यात सारे तिची वाखाणणी करीत: काय सोशिक मुलगी! मीही करीत असे.

वीरहून परतल्यावर मी तिला त्या वृद्ध बाईची गंमत सांगितली. गंमत म्हणूनच सांगितली. ताई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "तिला कोणी विचारलं असतं ना, की बाई, पलीकडच्या गाडीला घाई आहे, जाऊ द्यायची का, तर ती हो म्हणाली असती. आनंदानं म्हणाली असती. पण विचारलं नाही कोणी." एवढे बोलून ती सूप उचलून आत गेली. ती आगगाडीविषयी बोलत नव्हती हे मला कळले. मला तिच्यामागे आत जायला हवे होते. मी गेलो नाही. २०१७ साली ती वारली. तोवरच्या अठरा वर्षांत, ताई, तुला तेव्हा काय वाटले होते, हा एक प्रश्न मी तिला विचारू शकलो नाही. उत्तर ऐकण्याचे धैर्य माझ्यात नव्हते.

सहनशीलता हा सद्गुण आहे, असे आपण लहानपणापासून शिकलो आणि मुलांना शिकवतो. ते खरेच आहे. मात्र त्यात एक अट आहे जी आपण सांगत नाही. मी स्वतः सोसतो तेव्हा तो माझा सद्गुण असतो. दुसऱ्याच्या सोसण्यावर माझी गाडी पुढे जात असेल तर त्याच्या सहनशीलतेची स्तुती करण्याचा अधिकार मला नाही. ती स्तुती म्हणजे ऋणकोने सावकाराच्या उदारपणाची तारीफ करून कर्ज बुडवण्यासारखे आहे.

कोणी म्हणेल, व्यवहार असा चालत नाही. वेळापत्रक आखणारा प्रत्येक डब्यात जाऊन प्रवाशांची संमती कशी घेणार? लांब पल्ल्याच्या गाडीला प्राधान्य द्यावे लागते. मागची एक गाडी अडली तर पुढच्या दहा अडतात. घरातही ऐपत एकाचीच असेल तर कोणा एकाला निवडावे लागते. हे सारे मान्य. ज्या वडीलधाऱ्यांनी आमच्या घरी तो निर्णय घेतला ती माणसे दुष्ट नव्हती. कदाचित ताईला विचारले असते तरी निर्णय तोच झाला असता. तरीही माझे म्हणणे असे की, निर्णय तोच राहूनही सारे बदलले असते. विचारल्याने ती देणारी झाली असती. न विचारल्याने ती केवळ थांबवलेली ठरली. आणि देणाऱ्याचे देणे लक्षात राहते, त्याची परतफेड करण्याची आठवण राहते. थांबवलेल्याला मात्र लोक विसरतात.

जेथे विचारणे शक्य नाही तेथेही काही करता येते. मधु दंडवते यांच्या रेल्वेमंत्रिपदाच्या काळात दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी फळ्यांवर मऊ गाद्या घालण्याची सुरुवात झाली. त्यामुळे दुसऱ्या वर्गाची गाडी आधी सुटली नाही. परंतु फळीवर अंग टेकणाऱ्याच्या पाठीलाही हाडे असतात, ही गोष्ट शासनाच्या लक्षात आल्याचे त्याला कळले. थांबलेल्या गाडीतल्या माणसाला गाडी का थांबली आहे आणि किती वेळ थांबणार आहे एवढे सांगणे, त्याला पाणी आणि सावली देणे, आणि कधीतरी पाळी बदलणे, यांना फार मोठा खर्च येत नाही. जो दुसऱ्याला थांब म्हणतो तो स्वतः वर्षातून एकदा तरी थांबतो का, एवढी एक कसोटी लावली तरी पुष्कळ निर्णय बदलतील.

२०२३ च्या हिवाळ्यात मी पुन्हा वीरला गेलो. मधल्या काळात मार्गावर विजेच्या तारा आल्या होत्या. रोहा ते वीर हा मार्ग २०२१ च्या ऑगस्टमध्ये दुहेरी झाला. त्याच वर्षीच्या जुलैतल्या अतिवृष्टीने महाड पाण्याखाली गेले होते आणि तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली होती, हे येथे कोणी विसरलेले नव्हते. मुंबईकडच्या बाजूला आता जोडीने धावणारे रूळ दिसले. त्या बाजूला समोरून येणाऱ्या गाडीसाठी ताटकळण्याचे कारण उरले नाही, याचा आनंद वाटला. पुष्कळशी नैतिक कोडी म्हणजे वस्तुतः अपुऱ्या सोयींची कोडी असतात; रूळ वाढवले की ती सुटतात, आणि रूळ वाढवता येत असताना लोकांना सहनशीलतेची प्रवचने देणे हे पाप आहे.

पण फलाटाच्या दुसऱ्या टोकाशी जाऊन दक्षिणेकडे पाहिले. वीरच्या पुढे ते दोन रूळमार्ग एकत्र येतात आणि करंजाडीच्या दिशेने एकच मार्ग डोंगरात शिरतो. दुहेरी मार्ग कोठेतरी संपतोच. इस्पितळात खाट एकच मोकळी असते, घरात पगार एकाचाच असतो, आजाऱ्यापाशी रात्री जागणारे माणूस एकच असते. तेथे कोणाला तरी बाजूच्या रुळावर उभे राहावे लागणार. ते टळत नाही.

वाचकहो, आपापल्या घरातला तो बाजूचा रूळ एकदा पाहून घ्यावा. सर्वांची पाने वाढून झाल्यावर उरलेले कोण जेवते? कोणाचा दवाखाना पुढच्या महिन्यावर ढकलला जातो? आपल्या दाराशी कामाचे पैसे मागायला आलेला माणूस किती वेळ उभा असतो? चर्चच्या सणाच्या दिवशी सर्वांच्या आधी येऊन सर्वांच्या नंतर घरी जाणारा कोण, आणि त्याची कुटुंबाबरोबर जेवण्याची पाळी कधी येते? हे लोक कुरकुर करीत नाहीत. विचारले तर कदाचित हसून म्हणतील, आम्ही थांबायचंच असतं. ते वाक्य ऐकू आले की आपण सावध व्हावे. कारण थांबणे त्यांच्या स्वभावात नसते. ते त्यांना कोणीतरी शिकवलेले असते, आणि शिकवणाऱ्यांत आपणही असू शकतो.

मला विचारायला उशीर झाला. ज्यांची ताई अजून घरात आहे, त्यांनी आज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसावे आणि विचारावे.